मदत हवी आहे: एनएसएस कॅम्पला ग्रुप लीडर केलंय, पण आपल्याच वयाच्या पोरांकडून काम करून घ्यायचं कसं?

उसाचं_कांडं

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. एस.वाय. बीकॉमला आहे, गाव आजऱ्याकडचं, कोल्हापुरात राजारामपुरीत रूम करून राहतो. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) दुसरं वर्ष चालू आहे. जानेवारीत सात दिवसांचा कॅम्प आहे राधानगरी साईडला एका गावात, पन्नास पोरंपोरी, ओढ्यावर वनराई बंधारा (माती भरलेल्या पोत्यांचा) घालायचाय, आणि सरांनी सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं की यंदा ग्रुप लीडर तू. टाळ्या झाल्या. घरी फोन केला तर आई म्हटली, "बरं झालं, पण जेवणाचं कोण बघणार हाय तिथं?"

आता खरी गोष्ट सांगतो. ऑक्टोबरात पन्हाळ्यावर एक दिवसाची स्वच्छता मोहीम होती, तीपण माझ्याकडंच दिलेली. मी ग्रुपवर टाकलं, 'उद्या सकाळी सात वाजता सर्वांनी वेळेवर यावे'. बेचाळीस अंगठे आले, माणसं आली सव्वीस. त्यातली निम्मी तीन दरवाज्यापाशी फोटो काढत बसली आणि मी येड्यासारखं एकट्यानंच बाटल्या वेचत सुटलो, कारण दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की जीभच उचलत नाही, वाटतं हे काय म्हणतील. शेवटी अकरा पोती भरली, त्यातली आठ आम्ही तिघांनी. बारा वाजता डोकं फिरलं आणि सगळ्यांवर ओरडलो. रूम पार्टनरनं तिथंच ऐकवलं, "मुकादम हायस का आमचा?" तेव्हापासून रूमवर बोलणं म्हणजे 'गॅस संपलाय' आणि 'लाईट घालव' एवढंच.

यूट्यूबवर लई व्हिडिओ बघितले, आरशासमोर बोला, छाती काढून उभं राहा. आरशासमोर मी झकास बोलतो, पण आरसा उलट बोलत नाही ना. एक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास आठ हजार मागतोय, घरी कुठल्या तोंडानं मागू? माझ्या हातात पगार नाही, मार्क नाहीत, हजेरी सरांकडं. मग ऐकतील कशाला माझं? कुणी केलंय का असलं काम, कृपया सांगा.

पेठेतला_गोलकीपर

भावा, पहिली चूक मेसेजातच आहे. 'सर्वांनी' असं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे जातीलच की.

आमच्या मंडळाचा महाप्रसाद असतो, हजार-दीड हजार पान उठतं, पगार कुणालाच नाही. पण आदल्या रात्री कट्ट्यावर बसून ठरतं, भात ह्याच्याकडं, आमटी त्याच्याकडं, वाढायला ही सहा जणं, पाण्याचा टँकर अमक्यानं साडेनवाला आणायचा. नाव आणि वेळ, बास. आणि एकदा भात दिला म्हणजे दिला, मग अध्यक्षानंसुद्धा मधे येऊन झाकण उघडायचं नाही. एका वर्षी एकानं उघडलं, "अजून कच्चा हाय रं" म्हटला, भातवाल्यानं झारा तिथंच ठेवला आणि घरी गेला. भात करपला तो करपलाच.

दुसरं ओरडण्याचं. मी शाहू स्टेडियमवर गोलात उभा राहून नव्वद मिनिटं ओरडतोच की, कोण रुसत नाही. कारण मी शिव्या देत नाही (बरं, कमी देतो), मी सांगतो, "डावीकडं माणूस मोकळा हाय, धर". मला मागून आख्खं ग्राउंड दिसतं, पुढच्याला दिसत नाही, त्याला ते लागतंच. तू पन्हाळ्यावर ओरडलास ते तुझ्या दमण्याबद्दल ओरडलास. दोन्हीत फरक आहे लगा.

बिनकामाचा_वाचक

लीडर तयार होणार कुठनं? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या निवडणुका बंद केल्या, मार्कांवर सीआर (वर्ग प्रतिनिधी) नेमायला लागले. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, २०१९ ला होणार होणार म्हणता म्हणता पुढं ढकलल्या. ज्याला पोरांनी निवडलंच नाही त्याचं पोरं का ऐकतील? सरांनी नेमलेला लीडर तो सरांचा माणूस.

दाजीपूर_गवा

काका, मुद्दा बरोबर आहे पण ह्याला जानेवारीत बंधारा घालायचाय, विधानसभा नाही लढवायची :)

मी एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास भरून दोन कॅम्प केलेत, त्यामुळं थोडं कामाचंच सांगतो.

बंधाऱ्याला सिमेंटची रिकामी पोती लागतात, त्यात माती वाळू भरून सुतळीनं तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडवी रचायची, विटांसारखी, वरच्या पोत्यानं खालचा सांधा झाकला पाहिजे. पोरं जोशात पोतं तोंडापर्यंत भरतात. ते करायचं नाही, पाऊणच भरायचं, कारण टम्म भरलेलं पोतं दगडासारखं गोल राहतं, दुसऱ्यावर बसत नाही, फटीतनं पाणी जातं. शिवाय ते उचलवत नाही. आमच्या पहिल्या कॅम्पला लीडर सगळ्यात पुढं, पाण्यात उभा, फोटोत मस्त दिसायचा, आणि मागं भरणारे गच्च भरून पाठवायचे, साखळीतल्या पोरींचे हात अकरा वाजेपर्यंत गळाले आणि सगळ्यांनी एकमेकांना कामचोर म्हणून घेतलं. तिसऱ्या दिवशी गावातलं एक म्हातारं येऊन काठावर बसलं, तंबाखू मळता मळता म्हटलं, "भरणाऱ्याला आवरा की, वडणाऱ्याला कशाला बोलताय?" आम्ही दोन थर काढून परत रचले. तेव्हा तू उभा राहायचास तो भरतात तिथं. 'पोरं काम करत नाहीत' असं वाटलं की आधी बघ काम अडतंय कुठं.

पन्नास जणांचे दहा-दहाचे पाच गट कर, दोस्त दोस्त एकात घालू नको. गटाला एक-एक प्रमुख, तू फक्त त्या पाच जणांशी बोल, म्हणजे पन्नासांपुढं भाषणाचा प्रश्न निम्मा मिटला. रात्री सांस्कृतिकनंतर त्या पाचांबरोबर चहा, उद्याचं ठरवायचं. आणि रुसणारं एखादं असतंच, त्याला सुतळी-सुई दे. शिवणाऱ्यावाचून पोतं पुढं जात नाही, आपोआप सगळे त्याच्या मागं लागतात, भाव मिळाला की रुसवा जातो.

हिशेबवही

मी जरा वेगळं लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मी एफ.वाय.ला होते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या किती वर गेलं ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये पूरग्रस्तांची सोय केली होती. मी बुजरी, चार लोकांत तोंड उघडायची नाही, म्हणून कुणीतरी माझ्या हातात दोनशे पानी वही दिली, लिही म्हटलं. कोण आलं, घरात किती माणसं, कुणाला बीपीची गोळी, कुणाचं बाळ अंगावर पितं, चादरी किती आल्या किती गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चादरींवरनं दोन दांडगे गडी भांडायला लागले आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आकडा वहीत होता. मी हळूच वाचून दाखवला. भांडण मिटलं. माझा आवाज तेव्हाही बारीकच होता, आजही आहे, आता बँकेत आहे.

तर आठ हजार घालवू नकोस. एक वही कर, कुणाला काय दिलं, कधी दिलं, झालं का. मोबाईलमध्ये नको, वही सगळ्यांना दिसते.

आणि रूम पार्टनरचं कॅम्पच्या आधी मिटव. ग्रुपवर 'सॉरी ऑल' टाकू नकोस, समोर बसून बोल. रूममध्ये अबोला ठेवून पन्नास जणांना सांभाळायला निघालायस होय?

उसाचं_कांडं

सगळ्यांना लई लई धन्यवाद. आधी एक खुलासा, गोलकीपर दादा, मी भावा नाही, बहीण आहे 😄 आमच्यात पोरी पण 'मी आलो, मी जेवलो'च म्हणतात, पुण्याची आत्तेबहीण त्यावरनं अजून चिडवते.

पेठेतला_गोलकीपर

आयला! माझी सख्खी बहीण पण असंच बोलते तरी फसलो. बाकी सल्ला तोच, ताई.

उसाचं_कांडं

पाच दिवसांनी लिहितोय. वही केली, लाल पुठ्ठ्याची. पाच गट पाडले, त्यात दोन जणांनी लगेच 'आम्हाला एकत्रच ठेव' म्हणून कटकट केली, मी नाही म्हटलं आणि आवाज कापला, पण म्हटलं. एकजण कॅम्पलाच येणार नाही म्हणतोय, सरांना सांगितलेलं नाही अजून, बघतो.

रूम पार्टनरचं असं झालं की बोलायचं धाडस होईना. शेवटी परवा रात्री भाकरी थापता थापता म्हटलं, पन्हाळ्यावर चुकलं माझं, दमलेलो, आणि तुला काही सांगितलंच नव्हतं काय करायचं ते. ती काही बोलली नाही. मग म्हटलं, भोजन समिती तुझ्याकडं देऊ का, मी मधे येणार नाही. तिनं सामानाची यादी मागून घेतली, दोन मिनिटं बघितली आणि म्हटली, "पन्नास माणसं, सात दिस, आणि चटणी तीन किलो? कुठल्या गावचं हायस तू?" आणि पेन घेऊन तिनाचे पाच केले. मला चार पुरतील असं वाटत होतं, पण झाकण उघडलं नाही.

गवा दादा, पोती किती लागतील ते कसं काढायचं?

दाजीपूर_गवा

इथं बसून नाही निघायचं. ओढ्यावर जा, टेप घेऊन रुंदी मोज, पाणी किती आहे बघ, आणि गावातल्या जुन्या माणसाला विचार मागच्या वर्षी कुठं घातला होता. आकडे टाक, मग हिशेब करू.

उसाचं_कांडं

रविवारी सकाळच्या एसटीनं जातोय. रूम पार्टनर पण "मी येतो" म्हणालीय, गावात चूल कुठं मांडायची ते तिला बघायचंय.