बाळीवेसला वेस नाही, जुनी मिलला मिल नाही, अजून काय काय आहे असं आपल्या सोलापुरात?

माहेरवाशीण_सोलापूर:
नमस्कार मंडळी. संक्रांतीला चार दिवस माहेरी आलेले. स्टेशनवरनं रिक्षा केली, सोबत माझा नऊ वर्षांचा मुलगा, जन्म पुण्याचा, वाढतोय पण तिथंच. रिक्षावाल्याला म्हटलं बाळीवेस. झालं, याचं सुरू, आई वेस म्हणजे काय. म्हटलं गावाचा दरवाजा. उतरल्यावर बॅग खाली ठेवून हा उभाच, दरवाजा कुठाय? मी चाळिशी गाठली, त्याच चौकातनं दहा वर्षं शाळेला गेले-आले, पण इथं वेस नाहीये हे कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं हो. दुसऱ्या दिवशी मामाकडं निघालो जुनी मिल कंपाऊंडला, तिथं परत तेच, मिल कुठाय. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "मिल कधीच गेली की बे बाळ, नाव राहिलंय, मी भाडं पण नावाचंच घेऊलालो."

पोरगं हसलं पण मला झोप लागेना. तर विचारते, अशी नावं सांगा जिथं वस्तू गेली आणि नाव राहिलं. आणि नुसती नावं नकोत, तुम्ही स्वतः बघितलेलं, घरच्यांकडनं ऐकलेलं काही असेल तर ते लिहा. नेटवर सापडतं ते माझं वाचून झालंय.

साळखाता:
ताई, जुनी मिलचं मी सांगतो. १८७७ ची ती, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, मोरारजी गोकुळदासांची. रेल्वे त्याआधी १८६० लाच आली होती, कापूस न्या, कोळसा आणा, सगळं सोपं, म्हणून इथं गिरणी. मागनं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा उभ्या राहिल्या तेव्हा ही आपोआप 'जुनी' झाली. म्हणजे मिल चालू असतानासुद्धा तिचं नाव जुनीच होतं, बंद पडली म्हणून जुनी नाही, हे पोराला नक्की सांगा.

आता घरचं. माझे वडील इथल्याच एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते, नाव घेत नाही. आमच्या घरात घड्याळ होतं पण ते भिंतीच्या शोभेला, टाइम बघायचा तो भोंग्यावर. पहाटेचा पहिला भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्याला वडील पायात चपला घालायचे, आणि तिसरा होईपर्यंत गेटात नसले तर खाडा. सकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत नुसत्या चपलांचा आवाज यायचा, कोणी बोलायचं नाही. संध्याकाळी आले की आई त्यांना दारातच उभं करायची, भुवयांवर कापूस असायचा, कानाच्या पाळीवर पण, तो फडक्यानं झटकल्याशिवाय आत घ्यायची नाही. मी लहानपणी समजायचो की सगळ्यांचे वडील म्हातारे होऊन घरी येतात आणि आंघोळ केली की तरुण होतात.

नव्वदच्या दशकात वडिलांची ती गिरणी बंद पडली. देणी मिळायला किती वर्षं गेली ते लिहित नाही, डोकं फिरतं. पण भोंगा बंद झाल्यावर वडील महिनाभर पहाटे उठून बसायचे, आई विचारायची काय झालं, तर म्हणायचे काही नाही, वाजला नाही अजून.

कांडी_भरणारा:
काका, वाचून गप झालो. पण एक सांगू का, मिल म्हणजेच सोलापूर असं सगळे लिहितेत तेव्हा आम्हा पूर्व भागवाल्यांना जरा लागतं बरं का. आमच्याकडं भोंगा नव्हता, आमच्याकडं माग होता. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, भद्रावती पेठ, कुठल्या पण बोळात शिरा, खटखट खटखट. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, तालमीत दोन्ही मिसळून. आमचे पणजोबा तेलंगणातनं आले विणकाम करत. माझी झोप आजपण आवाजात लागते, आणि लाईट गेली की उठतो कारण माग थांबतेत. पुण्यात पहिल्या रात्री हॉस्टेलवर झोपच नाही लेका, इतकी शांतता!

चादर म्हणजे नुसती जाडी नाही. जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या भोकाच्या पट्ट्या असतेत, माळेसारख्या ओवलेल्या, एकेक पट्टी पुढं सरकली की कुठले दोरे वर कुठले खाली ते ठरतं, तसा तो मोर उमटतो. एक पट्टी उलटी बसली तर मोराची मान तुटते. मी सातवीत असताना बसवली होती एकदा उलटी, वीस इंच विणून झाल्यावर नाना ओरडले, तो तुटक्या मानेच्या मोराचा तुकडा आई अजून पोळपाटाखाली घेते. २००५ ला सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तर घरोघरी पेढे नाही वाटले कोणी, आजी तेवढं म्हणाली, बरं झालं, आता सूत स्वस्त होतंय का? 😄 ती विड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याच्या साच्यानं पान कापायचं, आणि बोलणं, टीव्ही, भांडण सगळं चालू, बोटं थांबत नसायची.

ताईंच्या लिस्टमध्ये आमचं काही बसत नाही, आमच्याकडं वस्तू पण हाय नाव पण हाय. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पोराला घेऊन या.

माहेरवाशीण_सोलापूर:
@साळखाता काका, मी आईला वाचून दाखवलं, ती मधेच उठून आत गेली. @कांडी_भरणारा तुटक्या मानेचा मोर 😂 फोटो पाहिजे. पण मूळ प्रश्न राहिलाच की, वेशींचं कोणाला माहितीय?

किल्ल्याच्या_मागं:
वेशींचं सोपं आहे. गावाला तट होता, एकोणिसाव्या शतकात गाव वाढायला लागलं तसा पाडत गेले. तटाला दरवाजे, आणि दरवाज्याचं नाव म्हणजे बाहेर पडल्यावर रस्ता कुठं जातो ते. तुळजापूर वेस, विजापूर वेस. बाळीवेस म्हणजे बाळ्याकडं, खंडोबाच्या बाळे गावाकडं. त्यामुळं नाव कधी खोटं पडलं नाही, दरवाजा गेला तरी रस्ता जातोयच की बाळ्याला. पोराला हे उत्तर द्या, वेस म्हणजे दिशा. किल्ला तेवढा तसाच उभा आहे, बहामनी काळातला.

पण तुम्ही संक्रांतीला आलात आणि चार पुतळ्याचं कोणीच लिहिलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. रिक्षावाल्याला 'चार पुतळा' म्हणायचं, तो पण म्हणतो, आपण पण म्हणतो, चार कोण ते शाळेतल्या पोरांना विचारून बघा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. त्याच्या आदल्या वर्षी ६ एप्रिलला आपल्या नगरपालिकेवर तिरंगा लागला होता, इंग्रज असताना, आणि मे महिन्यात तर ९ ते ११ तीन दिवस गावात इंग्रजांचं काही चालत नव्हतं, मग १२ मेला मार्शल लॉ. गांधी टोपी घातली तरी उचलायचे. माझे आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे. पणजीनं त्यांची टोपी ज्वारीच्या कणगीत खोल दाबून ठेवली आणि नंतर कणगी अर्धी होईपर्यंत कोणालाच सापडली नाही. जूनच्या शेवटी निघाली तेव्हा तिला सोंडे लागले होते, आजोबा तशीच झटकून घालायला निघाले तर पणजीनं एक दिली ठेवून. हे ते ऐंशीव्या वर्षीपण गालाला हात लावून सांगायचे.

आता तारीख बघा, १२ जानेवारी. आणि आपली सिद्धेश्वरांची यात्रा साधारण त्याच दिवशी सुरू होते, नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांना निघतात. सकाळी पुतळ्यांना हार आणि दिवसभर काठ्या. लहानपणी मला वाटायचं सगळं एकच आहे.

हुग्गी_प्रेमी:
यात्रेतला बाराबंदी अंगरखा घालून काठीखाली उभं राहिलेला माणूस बोलतोय 🙏 आमच्या घराण्यात नाही, पण मित्राच्या ओळखीनं एक वर्ष सरावाला गेलो होतो. बघणाऱ्याला वाटतं ताकद लागते. ताकद नाही, मान सरळ आणि नजर वर टोकाकडं पाहिजे, खाली बघितलं की गेलीच काठी. सात काठ्या, सातीचा मान वेगळा. संमती कट्ट्यावर कानडीतनं संमती, म्हणजे लग्नाची वचनं वाचतात, समोर लाखभर माणूस, त्यातल्या निम्म्यांना कानडी येत नाही, तरी "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" आलं की कोणी सांगावं लागत नाही, अक्षता उडतातच. कुंभारकन्येचं सिद्धरामांच्या योगदंडाशी लग्न आहे ते, आपण सगळे वऱ्हाडी.

आणि माझी पण एक चूक या लिस्टमध्ये टाका. होम मैदान. सहावीपर्यंत मला ते इंग्रजीतलं होम वाटायचं, घरचं मैदान, क्रिकेटमध्ये होम ग्राउंड असतं तसं! यात्रेतला होम तिथं होतो म्हणून होम मैदान हे कळलं तेव्हा सरांनी वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं. गड्ड्याला, म्हणजे यात्रेतल्या जत्रेला, तिथंच पाळण्यात बसायचो, वर गेलं की तळं, देऊळ, किल्ला एकदम दिसायचं आणि खाली आलं की भज्यांचा वास.

कांडी_भरणारा:
होम ग्राउंड 😂😂 मेलो. सात रस्त्याला किती रस्ते येतेत ते पण मोजा बे कोणीतरी, मी तीनदा मोजले तीन वेगळी उत्तरं.

होटगी_रोड:
लिस्टमध्ये चिमणी घ्या. सिद्धेश्वर कारखान्याची. विमानतळाला आडवी येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. मी गच्चीवरनं बघितली, आधी वाकल्यासारखी झाली आणि मग धूळच धूळ. आमच्याकडं अजून पत्ता सांगताना 'चिमणीच्या अलीकडं' म्हणतात.

किल्ल्याच्या_मागं:
त्या विषयात आता शिरू नका, धागा वेगळीकडं जाईल.

होटगी_रोड:
शिरत नाही ओ, पत्त्याचं सांगितलं फक्त.

डफरीनवाली:
मला वाटलं डफरीन चौक पहिल्याच रिप्लायमध्ये येईल. डफरीन कोण हे कोणाला माहीत नाही, व्हाइसरॉयच्या बायकोचं नाव ते, तिच्या नावाचं बायकांचं हॉस्पिटल, आणि आमच्या घरातले सहा जण तिथं जन्मलेले. सासूबाई कोणाचं पण वय विचारलं की म्हणतात, डफरीनला मी डबा घेऊन गेले होते तेव्हा गड्डा उठत होता, धरा आता हिशोब.

माहेरवाशीण_सोलापूर:
मुलाला 'वेस म्हणजे दिशा' सांगितलं. परत निघताना स्टेशनला जायला रिक्षात बसला आणि रिक्षावाल्याला विचारतो, काका, पुण्याची वेस कुठाय? तो म्हणाला, प्लॅटफॉर्म एक.

साळखाता:
😄 हुशार आहे पोरगं. ताई, तुमचं वाचून काल माळ्यावरची पेटी काढली. वडिलांचा गेटवरचा पितळी बिल्ला सापडला, गिरणीचं नाव दिसतंय, नंबर काळा पडलाय. चिंच लावून ठेवलीय वाटीत. उजळला तर उद्या फोटो टाकतो.