'बाकी सगळं खरं आहे' : आयर्विंग स्टोनवर किती विश्वास ठेवायचा?

कोराकॅनव्हास (धागाकर्ता)

आपल्याकडच्या कितीतरी वाचकांना चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आधी भेटला तो चित्रांतून नव्हे, तर आयर्विंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ'मधून. कुणी इंग्रजीत वाचली, कुणी मराठी अनुवादात. कादंबरी भन्नाट आहे, वाद नाही. माझं भांडण आहे ते शेवटच्या टिपणाशी.

१९३४ सालच्या या पुस्तकाच्या शेवटी स्टोन कबुली देतो. संवाद आपण रचले, माया नावाच्या बाईचा प्रसंग निव्वळ कल्पित, पॅरिसमधली चित्रकार सेझान आणि व्हिन्सेंटची भेट पुराव्याविना घातली, हिशेबाच्या सोयीसाठी सगळीकडे फ्रँक हेच चलन वापरलं. एवढ्या सवलती सोडल्या तर म्हणे पुस्तक संपूर्ण खरं!

हे 'संपूर्ण खरं' मला पचत नाही. माणसाच्या तोंडची वाक्यं तुम्ही लिहिलीत, त्याच्या मनात शिरलात, कुठला प्रसंग दहा पानं चालवायचा आणि कुठला एका ओळीत उरकायचा हे तुम्ही ठरवलंत. मग उरलं काय? सनावळी?

एक उदाहरण. 'बटाटे खाणारे' हे चित्र १८८५च्या वसंतात नेदरलंड्समधल्या न्यूनन गावी झालं. त्याआधीचा अख्खा हिवाळा व्हिन्सेंट शेतकऱ्यांची डोकी रंगवत होता. एक झालं की दुसरं, टोपी घातलेली बाई, चपट्या नाकाचा म्हातारा, अशी डझनावारी. खरा चित्रकार दिसतो तो त्या कंटाळवाण्या हिवाळ्यात. पण कादंबरी वाचलेल्यांना विचारून बघा काय आठवतं. दिव्याच्या ज्योतीवर धरलेला हात आणि कापलेला कान.

ग्रंथकीटक

हात ज्योतीवर धरल्याचं खुद्द व्हिन्सेंटनेच भावाला, थिओला, लिहिलंय हो. ते स्टोनच्या माथी कशाला?

आणि कानाचा विषय काढलाच आहात तर पुढचं ऐका. कान पूर्ण कापला की नुसती पाळी, यावर तज्ज्ञांची वर्षानुवर्षं जुंपली होती. १९३० साली स्टोन माहिती गोळा करत होता, तेव्हा त्याने डॉक्टर फेलिक्स रे यांना गाठलं. फ्रान्समधल्या आर्ल गावात व्हिन्सेंटवर उपचार करणारे हेच ते. रे यांनी स्वतःच्या औषधचिठ्ठीच्या कागदावर दोन आकृत्या काढून दिल्या. एकीत पूर्ण कान आणि वस्तरा कुठून फिरला ती तुटक रेघ, दुसरीत मागे राहिलेला पाळीचा तुकडा. खाली लिहिलं, या चित्रकाराच्या प्रतिभेचा तुम्ही योग्य तो गौरव कराल अशी आशा आहे.

तो कागद बर्नाडेट मर्फी या संशोधिकेला सापडला कुठे? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात, स्टोनच्याच कागदपत्रांत. २०१६ मध्ये जाहीर झाला आणि वाद मिटला. तुम्ही ज्याला गोष्टी रचणारा म्हणता, त्याच्यामुळेच हा पुरावा हाती आला.

चहाटळ

ग्रंथकीटक, +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोराकॅनव्हास

ग्रंथकीटक, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला!

कादंबरीत स्टोनने बरोबर तेच लिहिलंय, पाळीचा इवलासा भाग तेवढा राहिला. म्हणजे १९३४ पासून खरी गोष्ट छापून समोर होती. तरी तज्ज्ञ भांडत राहिले, कारण कादंबरीतलं वाक्य कोण पुराव्याला धरणार? खाली टीप असती, 'डॉक्टर रे यांनी कळवल्यावरून', तर ऐंशी वर्षं गेली नसती. खरं आणि रचलेलं एकाच शाईत लिहिलं की खऱ्याचीही पत जाते.

निळीशाई

मला कानापेक्षा मुलीचं जास्त लागतं. त्या रात्री, २३ डिसेंबर १८८८ला, कान जिच्या हातात दिला ती कादंबरीत राशेल नावाची वेश्या आहे. लाडिकपणे आधी 'कान दे' म्हणून मागणारी. मर्फींच्या शोधानुसार ती गाब्रिएल नावाची शेतकऱ्याची मुलगी. पिसाळलेला कुत्रा चावल्यामुळे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत उपचार झालेले, त्याचं देणं फेडायला रात्री साफसफाईची कामं करणारी. एका खऱ्या मुलीला आपण पिढ्यानपिढ्या त्या पुस्तकातून, मग त्यावरच्या १९५६च्या सिनेमाच्या काळात, कोण समजत आलो बघा.

ग्रंथकीटक

निळीशाई, राशेल हे नाव स्टोनचं नाही. घटनेनंतर आठवडाभरात आर्लच्या स्थानिक वर्तमानपत्रातच ते छापून आलं होतं, वेश्यागृहाच्या उल्लेखासकट. १९३० साली उपलब्ध तीच माहिती होती.

निळीशाई

नाव वर्तमानपत्राचं, मान्य. 'कान दे' हा लाडिकपणा वर्तमानपत्रात होता का?

सदाशिवपेठी

लोकहो, आपण हे बोलतोय म्हणजे गंमतच. थोरले माधवराव आणि रमा आपल्याला कुठून माहीत? 'स्वामी'तून. रणजित देसाईंनी पुढे राजा रविवर्म्यावरही लिहिलं, त्यावर 'रंगरसिया' आला, आणि आता रविवर्मा म्हटलं की लोकांना सिनेमातले प्रसंग आठवतात. लोणावळ्याजवळ मळवलीला त्याचा छापखाना होता हे किती जणांना ठाऊक? तरी देसाई नसते तर कॅलेंडरवरच्या लक्ष्मी-सरस्वतीपलीकडे हा माणूस आपल्याकडे कुणी आठवला असता, असं मला वाटत नाही. कादंबरीकाराने बोट धरून दारापर्यंत आणलं, आत जायचं की नाही हे वाचकाने ठरवावं.

कोराकॅनव्हास

आत कुणी जात नाही, हेच तर दुखणं आहे.

आणि सगळ्या कादंबरीकारांना मी एकाच फटक्यात झोडत नाहीये. ट्रेसी शेव्हालिएने १९९९ मध्ये डच चित्रकार व्हरमेरवर कादंबरी लिहिली, त्याच्या चित्रातल्या मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीवर. ती मोलकरीण पूर्ण कल्पित. पण व्हरमेरने मागे ठेवलंय काय? पस्तीसेक चित्रं आणि कोर्टकचेरीचे कागद. त्या चित्रातली मुलगी कुणी विशिष्ट व्यक्ती असेलच असंही नाही, डचांकडे नुसते चेहरे रंगवायची पद्धतच होती. रिकाम्या जागेत कल्पना करा, कुणाचं काही बिघडत नाही. व्हिन्सेंटची मात्र आठशेवर पत्रं आहेत. रंगांबद्दल, पैशांबद्दल, सर्दीबद्दलसुद्धा. जो माणूस स्वतःच इतकं आणि इतकं सुरेख बोलून गेलाय, त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायची गरजच काय?

ग्रंथकीटक

कारण आठशे पत्रं सलग वाचायला कुणी बसत नाही, तुम्ही सोडून! गंमत नाही करत. योहानाने, म्हणजे थिओच्या बायकोने, ती १९१४ मध्ये छापली. सामान्य अमेरिकन वाचकापर्यंत ती पोचली नव्हती. सतरा प्रकाशकांनी नाकारलेल्या या कादंबरीने तो माणूस पोचवला.

चहाटळ

सिनेमात कावळ्यांचं शेत रंगवता रंगवता गोळी झाडून घेतो ना? तेच शेवटचं चित्र?

निळीशाई

नाही. अॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय 'झाडांची मुळं' हे शेवटचं मानतं, अर्धवट राहिलेलं. घ्या, आणखी एक उदाहरण. पत्रं मात्र त्याच संग्रहालयाने २००९ पासून टिपांसह जालावर फुकट ठेवली आहेत. निदान न्यूननचा हिवाळा तरी वाचा, चित्रांची रेखाटनं पत्रातच आहेत.

सदाशिवपेठी

वाचतो. पण एक शंका. स्टोनने १९८५ मध्ये चित्रकार पिसारोवरही असंच जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्यावर इथे एक अक्षर नाही. म्हाताऱ्याने कान शाबूत ठेवला म्हणून की काय?