‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ला ‘आरक्षण’ म्हणावे का?

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशांविषयी मराठीत लिहिताना ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’साठी (म्हणजे प्रवेशात वंचित वांशिक गटांना झुकते माप देण्याच्या धोरणासाठी) ‘आरक्षण’ हा शब्द चालेल का? ‘डायव्हर्सिटी’ आणि ‘इक्विटी’ यांना काय म्हणावे?

उत्तर : ‘आरक्षण’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तेव्हापासून आपल्याकडे या शब्दामागे राखीव जागांचे निश्चित प्रमाण गृहीत असते. अमेरिकी प्रवेशप्रक्रियेत नेमके तेच निषिद्ध ठरले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा वेगळ्या काढल्या होत्या. अ‍ॅलन बाकी या प्रवेश नाकारलेल्या गोऱ्या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती पद्धत रद्द केली, मात्र अर्जदाराचा वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मुभा ठेवली. मिशिगन विद्यापीठाची, १५० गुणांच्या मोजपट्टीत अल्पसंख्याकांना सरसकट २० गुण देण्याची पद्धतही २००३ मध्ये टिकली नाही. त्यामुळे हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द करणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या निकालांचे वर्णन ‘अमेरिकेत आरक्षण रद्द’ असे केल्यास वाचकाची दिशाभूल होते. ‘वंशसापेक्ष प्रवेशधोरण’ हा शब्दप्रयोग मला अधिक नेमका वाटतो.

‘विविधता’ हा प्रतिशब्द योग्यच आहे. परंतु त्याचा तिथला कायदेशीर भार सांगितल्याशिवाय तो वापरू नये. अ‍ॅलन बाकी यांच्या खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी वंशाचा विचार मान्य केला तो गुलामगिरीची भरपाई म्हणून नव्हे, तर वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र शिकल्याने सर्वांच्याच शिक्षणाला लाभ होतो म्हणून. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी त्याच खटल्यातील आपल्या स्वतंत्र मतात कृष्णवर्णीयांवरील अन्यायाचा दीर्घ इतिहास मांडला होता. पुढील पंचेचाळीस वर्षे विद्यापीठांना आपल्या धोरणाचा बचाव मुख्यतः ‘विविधते’च्या आधारेच करावा लागला आणि अन्यायाचा मुद्दा मागे पडला, ही मला या शब्दाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

‘इक्विटी’साठी ‘समानता’ अपुरा आहे, कारण तिच्यात सर्वांना सारखेच नव्हे, तर प्रत्येकाला न्याय्य वाटा अभिप्रेत असतो. महाराष्ट्राच्या पाणी चळवळीने रुळवलेला ‘समन्यायी’ हा शब्द इथे नेमका बसतो. समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीत भूमिहीन कुटुंबाचाही हिस्सा धरला जातो. म्हणून ‘रेशियल इक्विटी’ला ‘वांशिक समन्याय’ म्हणावे.