वेगळा कप: नीती कुठून येते, आणि तिला प्रश्न विचारला की काय होतं?
(चौघांचा संवाद; बोलणाऱ्यांना ठाण्यातल्या ठिकाणांची टोपणनावं दिली आहेत.)

मासुंदा
घोडबंदर रोडचा टॉवर असो की नौपाड्यातली जुनी इमारत, ठाण्यातल्या अनेक स्वयंपाकघरांत घरकामाच्या ताईंचा कप वेगळा असतो. ओट्याच्या कडेला किंवा खिडकीच्या जाळीत, उपडा ठेवलेला. कारण विचारलं की उत्तर येतं, ‘स्वच्छता’. पण घरातले सगळे कप त्याच ताई घासतात, त्याच साबणानं. कित्येक घरी कणीकही त्याच मळतात. हात चालतो आणि ओठ चालत नाहीत, तेव्हा प्रश्न जंतूंचा नसतो, विटाळाचा असतो.

माझं म्हणणं असं: मूल्यं आधी वागण्यात मुरतात आणि कारणं मागाहून चिकटतात. जुनं कारण लाजिरवाणं झालं की नवं चिकटवलं जातं, वागणं तेच राहतं. म्हणून प्रत्येक मूल्याला ‘का?’ विचारलंच पाहिजे, आणि मिळालेलं कारण त्या वागण्याला खरोखर लागू पडतं का, हे तपासलं पाहिजे.

पारसिक
कपाबद्दल दुमत नाही, ते चूकच आहे. ‘प्रत्येक मूल्याला’ हे मात्र पटत नाही. माणसं नीतीनं वागतात ती कारणं पटली म्हणून नव्हे. शेजारी तसंच वागतील हा भरवसा आणि चारचौघांतली लाज, या दोन गोष्टींवर ते चालतं.

फेर आणि गेख्तर या अर्थशास्त्रज्ञांचे २००० च्या सुमाराचे प्रयोग बघा. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. सामायिक पेटीत टाकलेल्या दर नाण्यामागे चौघांनाही ०.४ परत, म्हणजे गटाला १.६ मिळतात, पण टाकणाऱ्याच्या पदरी ०.४ च. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकतात. कुणीतरी फुकट खातंय हे कळलं की फेरीगणिक हात आखडतो. स्वतःची पदरमोड करून फुकट्याला दंड करण्याची सोय दिली, की तीच माणसं पुन्हा भरभरून टाकतात. वीण अशी नाजूक असते. ‘मी का टाकू?’ हा प्रश्न सगळ्यांनी एकदम विचारला की पेटी रिकामी होते.

कोपरी
पारसिक, प्रयोग बरोबर सांगितलात, निष्कर्ष अर्धाच काढलात. दंडाच्या धाकानं कुठलाही नियम टिकतो, चांगलाही आणि अन्यायाचाही. महाडचं तळं अस्पृश्यांना याच यंत्रणेनं बंद ठेवलं होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं जाहीर केलं. तरी त्या पाण्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं. तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

पारसिक
म्हणजे नुसता प्रश्नही पुरला नाही आणि ठरावही पुरला नाही. हजारोंनी एकत्र, शिस्तीनं कृती केली तेव्हा काटा हलला. एकट्यादुकट्याच्या शंकेनं मूल्य बदलत नाही, फक्त सैल होतं.

शिवाय परंपरेत प्रश्नाला जागाच नाही असं समजू नका. मनुस्मृतीतही धर्माची चार गमकं दिली आहेत: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला पटणं. ते चौथं तिथंच आहे.

मासुंदा
आहे, पण शेवटी. आणि कुणाचं मन? पाण्यापासून दूर ठेवलेल्या माणसाचं मन त्यात कधी मोजलं गेलं? जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद खुला केला, तो एका घराचाच निर्णय होता. त्यानं काही सैल झालं असेल, तर ते सैल व्हायलाच हवं होतं.

येऊर
तुम्ही सगळे ‘प्रश्न विचारावा की नाही’ यात अडकलात. कुणी विचारायचा, हे आधी ठरवा. ताईंनी ‘माझा कप वेगळा का?’ विचारलं तर पुढच्या महिन्यात काम जाऊ शकतं. घरमालकिणीनं विचारलं तर फार तर सासूबाई दोन दिवस बोलणार नाहीत. ज्याला किंमत कमी पडते, त्यानं तोंड उघडायचं.

ताईंनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची, या सक्तीचं वेगळं, तो सोसायटीचा नियम. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी दिली की समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. मागणीत नियम एका वाक्यात लिहा, दिलेलं कारण लिहा, आणि ते कारण सभासदांच्या पाहुण्यांनाही लागू होतं का एवढंच विचारा. ‘माणुसकी’वर भाषण केलंत की सभा तिथंच फिसकटते, कारण समोरच्याला आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटतं.

कोपरी
आणि ठराव झाल्यावरही वॉचमन अडवतोच. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लेखी सूचना गेटवर गेली पाहिजे.

पारसिक
हे मान्य. पण घरात सभा नसते. तिथं काय?

येऊर
घरात घोषणा करू नका. सहा सारखे कप आणा आणि जाळीतला जुना कप काढून टाका. तो राहिला तर घाईत हात तिकडंच जातो. पहिले काही दिवस ताई स्वतःच आपला कप विसळून बाजूला ठेवतील, ती सवय त्यांनाही लावली गेलेली आहे. तेव्हा ‘अहो, ठेवा ना इथंच’ म्हणून टोकू नका, त्या अवघडतात. तो कप उचलून बाकीच्यांत मिसळायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातला कुठलाही घेऊन आपण चहा प्यायचा.