मदत हवी आहे: स्पीकरचा आलेख सरळ येतो, तरी 'स' कानाला का टोचतो?

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे जुने घर आहे आणि गेले आठ महिने प्रत्येक सुट्टी मी माडीवरच्या खोलीत एकाच कामात घालवली आहे. वडिलांच्या डेकबरोबर आलेले स्पीकर बाजूला ठेवून टू-वे स्पीकरची एक जोडी स्वतःच्या हाताने तयार करायची, असे ते काम. जोडी तयार झाली, वाजते, मोजणीतही उत्तीर्ण होते. पण घरात सर्वांत तिखट कान आईचे, आणि तिने या जोडीला सरळ नापास केले आहे. "बातम्या सांगणारा माणूस दातांत वारा धरून बोलतोय," असे तिचे म्हणणे आहे. तिची चूक दाखवून द्यावी म्हणून मी लक्षपूर्वक ऐकू लागलो, तर आता मलाही अधूनमधून तो वारा ऐकू येऊ लागला आहे.

आधी सामग्री सांगतो. खालचे सूर वाजवणारा साडेसहा इंची वूफर आणि वरचे सूर वाजवणारा २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम डोमचा (घुमटाकार पडद्याचा) ट्विटर आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणारी व्यवस्था, २.५ किलोहर्ट्झला असून दोन्ही बाजूंचा उतार चौथ्या श्रेणीचा, म्हणजे बराच तीव्र आहे. पेटी एमडीएफची, तिची पुढची फळी २१ सेंटिमीटर रुंद. मोजणीसाठी सोबत कॅलिब्रेशन फाइल मिळालेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरले.

मोजणी गच्चीवर केली. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि एकमेकांपासून १ मीटर अंतरावर ठेवले. फरशीवरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा १.६ मीटर जास्त फिरून येतो, म्हणजे साधारण ४.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो आत येऊ नये म्हणून मी ४.५ मिलिसेकंदांनंतरचे सगळे कापून टाकले. त्यामुळे साधारण २२० हर्ट्झच्या खालच्या भागावर माझा भरवसा नाही, पण माझी तक्रार त्या भागाची नाहीच. त्याच्या वर, ३०० हर्ट्झपासून १८ किलोहर्ट्झपर्यंत, आलेख, म्हणजे कोणत्या वारंवारतेला आवाज किती मोठा येतो ती रेषा, अधिक-उणे २ डेसिबलच्या आत राहतो. याच पद्धतीने वडिलांचे जुने स्पीकरही मोजले. त्यांत कागदी कोनाचा ट्विटर आहे आणि त्यांचा आलेख पाहिला तर पन्हाळ्याची चढण बरी म्हणावी. तरीही आईला तेच गोड लागतात.

वाद्यांच्या बाबतीत माझी फारशी तक्रार नाही. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर घासणाऱ्या तारेची झणकार) नव्या जोडीवर जितकी उलगडते तितकी जुन्यावर कधीच उलगडली नव्हती. मिरजेचे कारागीर घोडी घासत, दोरा सरकवत केवळ कानाने जवारी लावतात आणि मी मात्र माइक लावून बसतो, याची मला थोडी लाजही वाटते. पण माणूस बोलू लागला की 'स' आणि 'श' पुढे उडी घेतात. 'चार'मधला च ठीक येतो. 'चाक'मधल्या च मध्ये मात्र शेवटी एक बारीक शिट्टी लागून राहते.

माझी खोली १२ बाय १० फूट आहे, खाली शहाबादी फरशी, भिंतीला काचेच्या दाराचे एक कपाट. स्पीकर १२ फुटांच्या भिंतीशी, तोंडे सरळ पुढे करून ठेवले आहेत. माझी खुर्ची त्यांच्यापासून सव्वादोन मीटरवर, मधोमध. आई झोपाळ्यावर बसते आणि झोपाळा खिडकीशी आहे.

एका परिचिताचे ठाम मत आहे की हा धातूच्या डोमचा दोष आहे, रेशमी डोमचा ट्विटर घेतला की प्रश्न मिटेल. ट्विटरच्या माहितीपत्रकात २६ किलोहर्ट्झजवळ एक उंच सुळका खरोखरच दिसतो. तेव्हा नवीन ट्विटरवर पैसे घालण्यापूर्वी मला हे विचारायचे आहे की आलेख सरळ असूनही आवाज टोचत असेल, तर आलेख काय लपवतो आहे? आणि त्याचा शोध कुठून सुरू करावा?

प्रतिसाद १

आपण प्रश्न इतक्या व्यवस्थित मांडला आहे की उत्तराचा अर्धा भाग त्यातच सापडतो. फक्त तो सामग्रीच्या यादीत नसून झोपाळ्याच्या वाक्यात आहे.

आधी धातूचा विषय बाजूला काढू. २६ किलोहर्ट्झचा सुळका म्हणजे डोम एकसंध हलायचे सोडून स्वतःच घंटेसारखा वाजू लागतो ती जागा. माणसाचा कान तारुण्यातही २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि वय वाढते तसा वरचा भाग आणखी झडत जातो. आपल्या आईंचे वय आपण लिहिलेले नाही, पण त्या सत्तरीच्या आसपास असतील तर १० किलोहर्ट्झच्या वरचे त्यांना बहुधा फारच अंधूक ऐकू येत असणार. तरीही दोष आधी त्यांनीच पकडला. म्हणजे तो खालच्या भागात आहे, जिथे मराठी व्यंजनांचे घर आहे. 'स'चा जोर साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि 'श'चा त्याहून खाली, आणि नेमक्या ३-४ किलोहर्ट्झलाच आपला कान सर्वांत हळवा असतो. रेशमी डोम घेऊन हा भाग आपोआप सुधारणार नाही.

आता झोपाळा. आपण फक्त समोरून मोजले. समोर ऐकणारे एकटे आपण. आई बाजूला बसतात, आणि काच, फरशी व भिंती यांवरून जे उसळून येते तेही स्पीकरच्या बाजूने निघालेलेच असते. आपला साडेसहा इंची वूफर, ज्याच्या हलणाऱ्या कोनाचा व्यास १३ सेंटिमीटर धरू, जसजसा वर वाजू लागतो तसतसा त्याचा झोत अरुंद होत जातो. २.५ किलोहर्ट्झला, साध्या पिस्टनचे गणित धरले (म्हणजे कोन एकसंध पुढे-मागे हलतो असे मानले) तर, ४५ अंशांवर तो समोरच्यापेक्षा सुमारे ५ डेसिबल कमी ऐकू येईल. तिथेच क्रॉसओव्हर येतो आणि २५ मिलिमीटरचा डोम सूत्रे हाती घेतो. तो या वारंवारतेच्या मानाने इतका लहान आहे की ४५ अंशांवरही त्याचे जवळजवळ काहीच कमी होत नाही. समोरून पाहिले तर हे हस्तांतर दिसतच नाही, कारण क्रॉसओव्हर आपण समोरूनच जुळवला आहे. बाजूने पाहिले तर २ किलोहर्ट्झजवळ खड्डा आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा. आईंचा 'वारा' त्या उंचवट्यातून येत असावा, असा माझा अंदाज आहे.

जुन्या स्पीकरचे कोडेही यातूनच सुटते. कागदी ट्विटरचा कोन मोठा असतो, त्यामुळे वूफरप्रमाणे तोही बाजूला हळूहळू मंद होत जातो. आलेख ओबडधोबड असला तरी बाजूला जाणाऱ्या आवाजात अशी उडी नसते. झोपाळ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा सगळा वरचा भाग एकसारखा उतरलेला असतो, म्हणून तो गोड लागतो. त्यात तपशील कमी असतो ही गोष्ट वेगळी. जवारी उलगडत नव्हती त्याचे कारण तेच.

हे माझे एकट्याचे मत नव्हे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्या स्पीकरचा समोरचा आलेख सपाट आणि बाजूचे आलेख त्याच्यासारखेच, फक्त सावकाश उतरणारे, त्यांना श्रोत्यांनी पुन्हा पुन्हा पसंती दिली. पुढे त्याच क्षेत्रातले संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजण्यांवरून पसंतीचे भाकीत करणारे सूत्र मांडले आणि प्रत्यक्ष पसंतीशी त्याचा सहसंबंध ०.८६ इतका आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). आज ज्या मोजणीला स्पिनोरामा म्हणतात, तिच्यात स्पीकर १०-१० अंशांनी आडव्या आणि उभ्या वर्तुळात फिरवून एकूण ७० मोजण्या घेतात. आपली एक मोजणी त्या सत्तरांतली पहिली आहे, इतकेच.

तेव्हा स्टुलावर खडूने कोन आखून ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांवर मोजावे. त्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करावी: आवाज अगदी बारीक करून तीच बातमी ऐकावी. टोचणी तेव्हाही राहिली तर ट्विटरवर अतिभार येऊन होणारी विकृती हे कारण नव्हे. आणि जुने-नवे स्पीकर आईंना तुलनेसाठी ऐकवणार असाल तर मध्ये चादर टांगावी, दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी आणि कोणता वाजतो आहे ते सांगू नये. पातळी थोडी जरी वर गेली तरी कान तिलाच गुण देतो.

एक धोक्याची सूचना. खुर्चीवर माइक ठेवून खोलीतला आलेख सपाट करण्याचा मोह होईल, तो टाळावा. चांगला स्पीकर खोलीत वरच्या बाजूला हळूहळू उतरताच दिसतो. तो उतार इक्वलायझरने भरून काढला तर टोचणी दुप्पट होईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझा मंडपात साउंड लावण्याचा व्यवसाय आहे. मिरवणुकीत ज्याला आपल्याकडे सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्या भिंतीतसुद्धा वरचा आवाज देणारा ड्रायव्हर हॉर्नच्या तोंडाशिवाय कुणी बसवत नाही. लोक समजतात की हॉर्न केवळ आवाज मोठा करण्यासाठी असतो. तो आवाज कुठे जावा आणि कुठे जाऊ नये हेही ठरवतो.

घरगुती डोमला हॉर्नएवढे काही लागत नाही. उथळ वेव्हगाइड पुरते, म्हणजे ताटलीसारखे वळण असलेली साधारण वूफरएवढ्या व्यासाची वाटी. क्रॉसओव्हरजवळ ट्विटरचा झोत वूफरच्या झोताइतकाच अरुंद झाला की उडी नाहीशी होते. शिवाय अशा वाटीमुळे ट्विटरचा खालचा भाग समोर काही डेसिबलने वाढतो. ती वाढ क्रॉसओव्हरमध्ये कापावी लागते, त्यामुळे डोमला तेवढे कमी हलावे लागते. क्रॉसओव्हर नुसताच खाली आणण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका. तेवढ्याच आवाजासाठी वारंवारता निम्मी केली की डोमला चौपट हलावे लागते, आणि २५ मिलिमीटरच्या डोमकडे तेवढी जागा नसते.

वाटी कुठून करून घ्यावी याची चिंता कोल्हापुरात तरी करू नये. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत. कागदावर वळण नीट काढून दिले तर ते एमडीएफचे थर चिकटवून लेथवर हुबेहूब उतरवतील.

धागालेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. उत्तराला दहा दिवस लागले, कारण दोन रविवार पावसाने गच्ची दिली नाही.

बारीक आवाजाची परीक्षा केली, टोचणी तशीच राहिली. त्यानंतर मी स्वतः झोपाळ्यावर बसून बातम्या ऐकल्या. इतक्या महिन्यांत ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचे वाईट वाटले, कारण तिथे बसल्यावर कोणत्याही आलेखाची गरज उरली नाही. माझ्या खुर्चीवर जो वारा अधूनमधून जाणवत होता तो झोपाळ्यावर प्रत्येक 'स'बरोबर येत होता. झोपाळा जवळच्या स्पीकरच्या समोरच्या रेषेपासून ४५ ते ५० अंशांवर येतो, हे दोरी आणि शाळेतल्या कोनमापकाने मोजून घेतले.

काल अखेर गच्ची मिळाली. १५ अंशांवर फारसा फरक नाही. ३० अंशांवर २ किलोहर्ट्झजवळ आलेख वाकू लागतो. ४५ अंशांवर तर अगदी आपण लिहिले तसेच चित्र आहे: २ ते २.५ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आणि साडेतीनच्या सुमारास त्याच्या तळापासून जवळपास ४ डेसिबलची उडी. जुन्या स्पीकरची ४५ अंशांची रेषा त्यावर ठेवली, तर ती दगडधोंड्यांची असली तरी एका दिशेने खाली उतरत जाते.

तात्पुरता उपाय म्हणून ३.५ किलोहर्ट्झभोवती रुंद असा २ डेसिबलचा उतार क्रॉसओव्हरमध्ये घातला आणि दोन्ही स्पीकर इतके आत वळवले की त्यांच्या समोरच्या रेषा माझ्या खुर्चीच्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदतात. जवळचा स्पीकर यामुळे झोपाळ्यापासून आणखी तिरका झाला, हे खरे. पण दूरचा स्पीकर पूर्वीपेक्षा बराच झोपाळ्याकडे वळला आणि त्या बाजूचा समतोल सुधारला. मग चादर टांगून आईला तीन बातमीपत्रे ऐकवली. दोनदा तिने नवी जोडी निवडली आणि एकदा जुनी, आणि चादर काढल्यावर "मला काय त्यातलं कळतंय" म्हणून उठून गेली. तिची तक्रार संपली असे मी समजत नाही, कारण समोरच्या आलेखात मी मुद्दाम खळगा पाडला आहे आणि माझ्या खुर्चीवर आवाज आता किंचित मागे गेल्यासारखा वाटतो. खरा उपाय वेव्हगाइडच, हे मला पटले आहे.

उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या काकांशी बोललो. वाटी त्यांनी कबूल केली, पण दोन गोष्टी त्यांनी विचारल्या आणि त्यांची उत्तरे माझ्याजवळ नाहीत. ट्विटरची मूळ पुढची पट्टी चार स्क्रूंनी निघते, मात्र डोमभोवतीच्या रबरी कडेपासून वाटीचा घसा (आतले अरुंद तोंड) नेमका किती अंतरावर सुरू करावा? आणि डोमसमोरची तारेची जाळी काढून वाटी बसवली तर आलेख सुधारेल की नाही हा प्रश्न वेगळा, पण घरात सहा वर्षांचा भाचा आहे आणि त्याचे बोट डोमच्या बरोबर उंचीवर येते. तेव्हा जाळी ठेवून वेव्हगाइड बसवलेला कोणी आहे का?