म्हातारे झालेले बँड पुन्हा एकत्र यावेत का?

जुनीकॅसेट: जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या निरोपाच्या दौऱ्याचं चित्रण बघायला घेतलं आणि अर्ध्यावर बंद केलं. त्यांचा ड्रमर-गायक फिल कॉलिन्स काठी टेकत येतो, खुर्चीत बसतो आणि बसूनच गातो. मणक्याच्या दुखण्यामुळे ड्रम्स सुटले, तिथे आता त्याचा मुलगा निक. ज्याच्या ड्रम्सपायी आम्ही कॅसेटी झिजवल्या, त्याच्या हातात नुसती खंजिरी! बघवत नाही हो. लेड झेपेलिन या रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याने योग्य केलं. डिसेंबर २००७ मध्ये बँडसोबत पुन्हा लंडनला एकच कार्यक्रम केला, दौऱ्याला मात्र उभा राहिला नाही. वेळेवर थांबता आलं पाहिजे.

बेसवाला: साफ असहमत. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सबाथ हा हेवी मेटल बँड वाजला, ते बघा. गायक ऑझी ऑस्बर्न ७६ वर्षांचा, पार्किन्सनने जखडलेला. सिंहासनासारख्या खुर्चीत बसूनच गात होता. मागे ७७ वर्षांचा बिल वॉर्ड शर्ट काढून ड्रम्स बडवतोय. कराराच्या भांडणातून बिल २०१३ च्या अल्बममध्ये नव्हता, २०१७ च्या निरोपालाही नव्हता. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले, तेही ऑझी जिथे वाढला त्या अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क स्टेडियमवर. सतरा दिवसांनी ऑझी गेला. त्याने 'वेळेवर थांबायला' हवं होतं, असं म्हणवेल तुम्हाला?

आणि भीमसेनजी २००७ साली सवाईत गायला बसले तेव्हा त्यांचा थकलेला आवाज ऐकून कुणी उठून गेलं का? पुणेकरांचे डोळे भरून आले होते. मग हा न्याय रॉकवाल्यांना का नाही?

जुनीकॅसेट: कारण ख्यालाला वय मानवतं. रॉक अंगात रग असेपर्यंतचं संगीत आहे. सबाथचं मान्य, ती एकच संध्याकाळ होती. जेनेसिसचा दौरा सहा महिने चालला.

पुलाखालचापाणी: वयाचा एवढा बाऊ कशाला? खरा प्रश्न पैशाचा आहे. ओॲसिस या ब्रिटिश बँडचे गॅलघर बंधू पन्नाशीतच आहेत, ठणठणीत. पण २०२४ मध्ये त्यांच्या पुन्हा एकत्र येण्याच्या दौऱ्याची तिकिटं निघाली तेव्हा उभ्याने बघायची सुमारे दीडशे पौंडांची जागा रांगेत ताटकळलेल्यांना साडेतीनशेच्या वर दाखवली गेली. ज्यांनी तरुणपणी यांना मोठं केलं, त्यांच्याच हळवेपणाची ही वसुली. मला राग येतो तो याचा.

बेसवाला: तिकिटांबद्दल शंभर टक्के सहमत. पण @जुनीकॅसेट, तुम्हाला खुर्ची खुपत नाहीये. आपण ज्यांच्यासोबत वाढलो ते म्हातारे झाले म्हणजे आपणही झालो, हे खुपतंय. मलाही खुपतं, म्हणून मी नजर वळवत नाही. २६ मार्च २०२२ ला लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांचा मूळ गायक पीटर गॅब्रिएल प्रेक्षकांत होता. १९७५ मध्ये बँड सोडून गेलेला माणूस! ते केविलवाणं वाटलं असतं तर तो आलाच नसता, असं मी मानतो.