समोरचा एलईडी बोर्ड आणि आपली गच्ची

*बी-६०४:* साडेबारा वाजलेत रात्रीचे आणि आमच्या बेडरूममध्ये आधी लाल मग निळं मग परत लाल. सेक्रेटरी साहेब त्या समोरच्या जाहिरातीच्या बोर्डाचं काय झालं?? डबल पडदे लावलेत तरी फटीतून येतंच. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना उजेड सहन होत नाही, त्या हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपतात आजकाल

*बी-५०३:* सेम इकडे. आधी फ्लेक्सचा होता तेव्हा वरून चार फोकस मारायचे तेवढंच, कधी डोक्यात पण नाही आलं. एलईडी लावल्यापासून घरात लग्नाचा डीजे आल्यासारखं वाटतं, फक्त आवाज नाही

*ए-२०१:* आमच्या विंगला काही त्रास नाही

*बी-६०४:* ए विंगला कशाचाच त्रास नसतो काका

*सेक्रेटरी:* ताई, पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनवर तक्रार टाकली होती, नंबर पण आलाय. वॉचमनला पाठवून तिकडच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला ऑपरेटिंग ऑफिसातून होतं, माझ्याकडे बटण नाही. आता लेखीच द्यायला लागेल. पण लिहायचं काय? "डोळ्यांवर येतं" एवढं पुरेल का?

*सी-३०२:* नाही पुरणार दादा. मी आउटडोअरमध्येच, म्हणजे होर्डिंगच्या जाहिरातींत, काम केलंय लग्नाआधीपासून, एजन्सीच्या बाजूने, त्यामुळे तिकडचे लोक काय उत्तर देतात ते पाठ आहे. "आमच्याकडे परवाना आहे" म्हणतात आणि विषय संपतो. तर प्रश्न परवाना आहे का हा नाहीच, परवाना *कशाचा* आहे हा आहे. महापालिका बोर्डाचा परवाना देते तो प्रकार बघून देते, नॉन लिट म्हणजे दिवा नसलेला, मग फ्रंट लिट म्हणजे समोरून दिवे मारलेला, बॅक लिट म्हणजे मागून उजेड असलेला, आणि डिजिटल वेगळा. प्रत्येकाची फी वेगळी, डिजिटलची जास्त. आता फ्लेक्सच्या साइटवर नुसती स्क्रीन चढवली आणि कागदावर जुनाच प्रकार राहिला असं असेल तर त्यांची बाजू लंगडी पडते. असं झालंय असं मी म्हणत नाहीये, पण विचारायला काय जातंय. कायद्यात हे सगळं मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३२८ आणि ३२८-अ मध्ये येतं, पत्रात ते दोन आकडे टाका, वाचणारा जरा सरळ बसतो.

*सी-३०२:* आणि दुसरं उजेडाचं. पालिकेच्या नव्या धोरणात डिजिटल बोर्डाला दोन गोष्टी स्पष्ट आहेत, एक म्हणजे आजूबाजूच्या उजेडाच्या तुलनेत चमक ३:१ च्या वर जायची नाही, आणि दुसरं रात्री ११ ला बंद, तेही ऑटो टायमरने, म्हणजे कोणाच्या मूडवर नाही. त्यामुळे बी-६०४ ताई तुमचा साडेबाराचा व्हिडिओ काढून ठेवा. खिडकीतून काढा, घड्याळ दिसेल असा. "फार उजेड येतो" याच्यावर वाद होतो, साडेबाराला चालू होता याच्यावर काय वाद घालणार

*बी-६०४:* आत्ताच काढते

*बी-५०३:* वहिनी तुम्ही इतके दिवस गप्प का होतात 😀

*सी-३०२:* आमची खिडकी मागच्या गल्लीत आहे ना. खरं सांगते.

*ए-४०१:* व्हिडिओ चालतो का पण स्क्रीनवर? मला गाडी चालवताना सिग्नलला नजर तिकडेच जाते, परवा मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या

*सी-३०२:* ट्रॅफिक पोलिसांची एनओसी लागते डिजिटलला. ती आहे का हेही विचारा पत्रात. बोर्डावर परवाना नंबर, मुदत आणि एजन्सीचं नाव लिहायचं असतं, कोणीतरी खाली जाऊन फोटो काढा, नसेल लिहिलेलं तर तोच पहिला मुद्दा

*खजिनदार:* नमस्कार सगळ्यांना. विषय निघालाच आहे तर. मागच्या आठवड्यात एका एजन्सीचा माणूस ऑफिसात येऊन गेला, आपल्या गच्चीवर बोर्ड लावायची ऑफर आहे, स्टेशन बाजूने दिसतं म्हणे. भाडं चांगलं देतायत. लिफ्टचं काम आणि रंग, दोन्ही निघेल, मेंटेनन्स वाढवायला लागणार नाही. कमिटीत बोलू म्हटलं होतं पण इथेच टाकतो

*बी-६०४:* म्हणजे समोरच्या सोसायटीच्या बेडरूममध्ये आता आपण लाल-निळं करायचं?

*ए-२०१:* नॉन लिट लावू ना मग. पैसा येतोय तर का सोडा. आम्ही पेन्शनवाले आहोत, तुमच्यासारखे दोन पगार नाहीत

*सी-३०२:* काका, लिट नॉन लिटचा प्रश्नच येत नाही, नव्या धोरणात गच्चीवर आणि फुटपाथवर होर्डिंगला बंदीच घातलीय. तो माणूस तुम्हाला "जुन्या परवान्यात बसवतो" वगैरे म्हणाला असेल ना? म्हणतातच. सही सोसायटीची असते, पडलं की नाव सोसायटीचं येतं.

*खजिनदार:* असंच काहीसं म्हणाला खरं

*ए-४०१:* घाटकोपर विसरलो का आपण? १३ मे २०२४, वादळात होर्डिंग पडलं. पेट्रोल पंपावर लोक पावसाला थांबले होते, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटाचा बोर्ड, पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. आणि वर लिम्का बुकमध्ये नाव आलं होतं त्याचं, एवढा मोठा म्हणून! ज्या गोष्टीसाठी नोटीस यायला पाहिजे त्याचा सत्कार केला आपण

*बी-५०३:* आणि त्यात जागा रेल्वे पोलिसांची, त्यामुळे पालिकेची परवानगी लागतच नाही असा पवित्रा होता. हेच मला कळत नाही, वारा काय जागेचा सातबारा बघून वाहतो का

*ए-४०१:* पाया कच्चा होता असं व्हीजेटीआय इंजिनीअरिंग कॉलेजच्या तपासणीत निघालं. मग चौकशीला भोसले समिती नेमली, निवृत्त न्यायाधीश

*सी-१०४:* पुण्यात माझा भाऊ राहतो किवळ्याजवळ, तिथे १७ एप्रिल २०२३ ला पडलेला, पाच जण. तेही वादळात आडोसा म्हणून खाली थांबलेले लोक. आणि त्याआधी २०१८ मध्ये जुन्या बाजारच्या चौकात, तिथे तर काढताना पडला, चार गेले. सिग्नलला उभी माणसं हो, रिक्षात बसलेली

*खजिनदार:* ठीक आहे, मी फक्त माहिती दिली, माझ्या खिशात जाणार नव्हते पैसे

*सेक्रेटरी:* तसं कोणी म्हणत नाहीये. पण एक लक्षात घ्या, आपली बिल्डिंग ३० वर्षांच्या वर गेली, पालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करायला लागतं, आपलं अजून रिपोर्टमधलं कॉलमचं काम बाकी आहे. त्या गच्चीत लोखंडी सांगाडा ठोकायचा म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलंच, सातव्या मजल्यावर आधीच बादल्या ठेवतात पावसात. शिवाय गच्ची कॉमन आहे, जनरल बॉडीत ठराव लागतो, कमिटी परस्पर सही करू शकत नाही. आणि ते भाडं बाहेरच्या पार्टीकडून आलेलं, मेंटेनन्ससारखं करमुक्त नाही, टॅक्स भरायला लागतो, ते कोणी हिशोबात धरत नाही

*बी-७०२:* बादल्या तीन आहेत. फोटो पाठवू का परत?

*सेक्रेटरी:* नको ताई आहेत माझ्याकडे

*ए-४०१:* आता बोर्डावरून निघालंच तर आपल्या गेटवर वाढदिवसाचा फ्लेक्स कोणी लावलाय? इन गेटचा आरसा झाकलाय त्याने, काल माझी स्कूटर टेकलीच असती

*सी-३०२:* परवानगीशिवाय लावला असेल तर १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही

*ए-१०३:* अहो तो माझ्या भाच्याने लावला, कार्यकर्ते मंडळी ऐकत नाहीत. दोन दिवसांचा प्रश्न आहे

*ए-४०१:* चार दिवस झाले

*ए-१०३:* उतरवतो आज. कायदा नका काढू लगेच

*सेक्रेटरी:* बरं. पत्र मी ड्राफ्ट करतो, वॉर्ड ऑफिसच्या परवाना खात्याला आणि एक प्रत ट्रॅफिकला. मुद्दे: परवाना कोणत्या प्रकाराचा, ट्रॅफिकची एनओसी, ११ नंतर चालू, स्ट्रक्चरल सर्टिफिकेटची तारीख. सोबत आरटीआय पण टाकू, दहा रुपयांचं काम आहे, फाईल बघायला मिळाली तर बरंच. बी विंगने सह्या केबिनमध्ये करून जा, रजिस्टर ठेवलंय. ए विंगने पण कराव्यात, त्रास नसला तरी

*ए-२०१:* करतो बाबा. सकाळी दुधाच्या वेळेला. पेन ठेवा तिथे, मागच्या वेळी दोरीला नुसतं टोपण होतं

*बी-६०४:* ते व्हिडिओ झाले, तीन काढलेत, साडेबारा, एक आणि सव्वाला. सव्वाला पंख्यांची जाहिरात चालू होती. कोणाला पाठवू?

*सी-३०२:* मला पाठवा, पत्राला कसे जोडायचे ते बघते